शिबिराची फी नेमकी कोण भरतं?

आधी एक साधा हिशेब मांडू. 2025 साली न्यूयॉर्क शहरात किमान वेतन तासाला 16.50 डॉलर होतं. उन्हाळी शिबिरात मुलांचा गट सांभाळणारी ताई आठवड्याला 40 तास, असे 6 आठवडे काम करत असेल, तर तिचा पगार होतो 3,960 डॉलर. तिच्या गटात 10 मुलं धरली, तर प्रत्येक मुलामागे 396 डॉलर नुसते तिचेच गेले. यात अजून जेवण नाही, बस नाही, विमा नाही, पोहण्याच्या तलावावरचा जीवरक्षक नाही आणि परवान्यांच्या मागे धावणारा ऑफिसातला माणूसही नाही.

आता दुसरी बाजू बघा. आई नेल सलूनमध्ये, वडील हॉटेलच्या भटारखान्यात, पगाराचा बराचसा भाग रोखीत, घरात तीन मुलं. शाळा जूनच्या शेवटी बंद होते ती थेट सप्टेंबरात उघडते. आईवडिलांच्या मालकाला मात्र उन्हाळ्याची सुट्टी ठाऊक नाही. आजीआजोबा मायदेशी, त्यांना व्हिसा मिळेल याची खात्री नाही. सात-आठ वर्षांच्या पोराला दिवसभर घरात एकटं ठेवलं आणि शेजाऱ्यानं फोन फिरवला, तर सरकारी अधिकारी दारात उभे. या घराला शिबिर ही चैन नाही, आईची नोकरी टिकवायची सोय आहे. फी किती देता येईल असं विचारलं, तर आकडा फार तर शंभर-दोनशे डॉलरवर थांबतो.

शिबिराचा खरा खर्च आणि आईबापाला झेपेल ती फी, यांच्यातलं अंतर कुणीतरी भरून काढावं लागतं. ‘सेटलमेंट हाऊस’ नावाच्या संस्था शंभरहून जास्त वर्षं यासाठी पैसे मागत फिरतायत. पैसे कोण देतं आणि देताना बदल्यात काय मागतं, हे कळलं की ही शिबिरं अशी का चालतात याचा उलगडा होतो.

सेटलमेंट हाऊस ही कल्पना मूळची लंडनची. 1884 साली सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्यानं पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल सुरू केला. विद्यापीठात शिकलेल्या तरुणांनी वस्तीत येऊन राहायचं, शेजारी म्हणून काम करायचं, दुरून दानधर्म करायचा नाही, अशी ती योजना. 1886 मध्ये ती न्यूयॉर्कला पोचली. 1889 मध्ये जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर हल हाऊस उघडलं. 1893 मध्ये लिलियन वॉल्ड या नर्सनं न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला काम सुरू केलं, त्यातून हेन्री स्ट्रीट सेटलमेंट उभी राहिली. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, रशियातून आलेले ज्यू, बोहेमियन अशी नुकती बोटीवरून उतरलेली कुटुंबं. त्यांच्यासाठी इंग्रजीचे वर्ग, पाळणाघर, दवाखाना, आणि उन्हाळा आला की मुलांना शहराबाहेर न्यायची धडपड. न्यूयॉर्कमध्ये अशा डझनावारी संस्था आजही चालतात, फक्त वर्गातल्या भाषा बदलल्या: स्पॅनिश, चिनी, बंगाली, अरबी.

शहराबाहेर न्यायची धडपड उगाच नव्हती. चाळवजा इमारतींत एकेका खोलीत पाच-सात माणसं, उन्हाळ्यात दूध नासायचं, क्षयाची साथ, तान्ही मुलं जुलै-ऑगस्टात पटापट दगावायची. 1877 साली विलार्ड पार्सन्स नावाच्या पाद्रीनं न्यूयॉर्कमधली काही मुलं पेन्सिल्व्हेनियातल्या आपल्या गावकऱ्यांच्या घरी काही दिवस राहायला नेली. त्यातून ‘फ्रेश एअर फंड’ सुरू झाला आणि लवकरच ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या वर्तमानपत्रानं त्याच्यासाठी वाचकांकडून पैसे जमवायला घेतले.

हे पैसे का जमले? शुद्ध हवेला विरोध कोण करणार? फिकट चेहऱ्याचं पोर, दोन आठवड्यांनी गुबगुबीत होऊन परतलेलं तेच पोर, आणि खाली विनंती: एवढे डॉलर पाठवा, एक मूल गावाला जाईल. बऱ्याच शिबिरांत मुलांची जाताना आणि येताना वजनं करत. वजन वाढलं म्हणजे देणगीदाराचा पैसा अक्षरशः अंगी लागला! कारखान्यात मुलं राबवू नका, भाडेकरूंना स्वच्छ संडास द्या, असल्या मागण्यांसाठी वर्गणी मागायला गेलं की याच देणगीदारांचे चेहरे बदलत. कारण कारखाना त्यांचा असे, इमारतही त्यांचीच. मुलाला दोन आठवडे कोंदट खोलीतून बाहेर काढायला पैसे मिळत, खोली सुधारायला मिळत नसत. माझ्या मते ही गोम अजून तशीच आहे.

जमीन देणारे आणि तूप-साखर देणारे

हल हाऊसचं शिबिर बघण्यासारखं आहे. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराजवळ वॉकिगन नावाचं गाव आहे. तिथली 72 एकर जागा लुईझ डिकोव्हन बोवेन या बाईंनी हल हाऊसला दिली. आजोबांनी शिकागोच्या मध्यवस्तीत घेतलेल्या जमिनींची वारसदार, हल हाऊसची खजिनदार आणि ॲडम्सची जवळची सहकारी. 1911 साली त्यांचे पती जोसेफ टिल्टन बोवेन वारले, त्यांच्या स्मरणार्थ ही जागा. 1912 पासून तिथं ‘बोवेन कंट्री क्लब’ चालू झाला. नाव श्रीमंतांच्या क्लबासारखं, येणारी मुलं हॉल्स्टेड रस्त्यावरच्या गल्ल्यांतली. तान्ही बाळं घेऊन आयाही यायच्या. दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेल्या बाईला कुणीतरी आयतं ताट वाढतंय, एवढ्यासाठीच.

अशी देणगी म्हणजे स्वप्नच. पण तिच्यात एक मेख असते. जागेला नाव देता येतं, इमारतीवर संगमरवरी पाटी लावता येते, उद्घाटनाला फोटो निघतो. नंतर दर उन्हाळ्यात लागणारं दूध, पाव, साबण, छपराची डागडुजी, स्वयंपाकिणीचा पगार यांवर कुणाची पाटी लागत नाही. त्यामुळे हा दुसरा पैसा जमवणं कायम जड जातं. जमीन एका सहीत मिळते, तूप-साखरेसाठी दर वर्षी शंभर दारं ठोठावावी लागतात.

बॉस्टनच्या काही सेटलमेंट हाऊसेसनी यावर वेगळीच शक्कल काढली. न्यू हॅम्पशरमधल्या व्हाइट माउंटन्स भागात बड्या लोकांची हॉटेलं आणि गोल्फची मैदानं होती. तिथं या संस्थांनी वस्तीतल्या पोरांची तंबूतली शिबिरं भरवली आणि दिवसा पोरं पाहुण्यांच्या गोल्फच्या पिशव्या वाहू लागली. मजुरीतून शिबिराचा खर्च निघायचा, वर चार पैसे घरी जायचे. डोंगराची हवा मिळाली, भीक मागावी लागली नाही. पण ज्या मुलांना बालमजुरीतून सोडवायला या संस्था झटत होत्या, त्यांच्याच खांद्यावर पिशव्या आल्या, हेही खरंच.

शिवाय ‘सर्वांसाठी’ या शब्दाला मर्यादा होत्या. बोवेन कंट्री क्लबमध्ये बरीच वर्षं काळ्या मुलांना प्रवेश नव्हता, हल हाऊसच्या आसपास काळी कुटुंबं राहायला आली तरीही. 1924 च्या स्थलांतर कायद्यानं दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारा लोंढा आटला, वस्त्यांत अमेरिकेच्याच दक्षिण भागातून आलेली काळी कुटुंबं आणि मेक्सिकन, पोर्तो रिकन माणसं वाढली, आणि शिबिरांच्या दारावर नेमका कोणता शेजारी आपला, हा प्रश्न आला. काही संस्थांनी तो लवकर सोडवला, काहींनी टाळला.

ॲडम्सला पैशाच्या या बाजूची पुरती जाण होती. तिनं स्वतः लिहून ठेवलेला प्रसंग आहे: तुटपुंज्या मजुरीवर माणसं राबवणाऱ्या कारखान्यांविरुद्धच्या कायद्याची मागणी सोडा, हल हाऊसला 50,000 डॉलर मिळतील, असा निरोप कारखानदारांच्या वतीनं आला. तिनं नकार दिला आणि 1893 मध्ये इलिनॉयचा कारखाना कायदा झाला. पण नकार देणं परवडायला मागे बोवेनसारखी माणसं उभी असावी लागतात. पहिल्या महायुद्धात ॲडम्स युद्धाविरोधात बोलली, तेव्हा हल हाऊसच्या देणगीदारांपैकी अनेकांनी पाठ फिरवली. पुढे 1931 मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं. उन्हाळ्याच्या दुधाचं बिल मात्र त्या-त्या वर्षीच भरावं लागत होतं.

या वातावरणाचा एक धागा थेट मुंबईत येतो. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट 1925 मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईला आले आणि त्यांनी नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उभं केलं. गिरणी, गोदी आणि बाजारपेठांसाठी गावोगावहून आलेल्या माणसांच्या दाटीतलं हे सेटलमेंट हाऊसच. तिथल्या अनुभवातून शिकलेले समाजसेवक हवेत ही गरज पुढे आली, सर दोराबजी टाटा ट्रस्टनं पैसा दिला आणि 1936 मध्ये त्याच इमारतीत ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झालं. आपण आज ‘टिस’ (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणतो ती हीच संस्था, आणि तिचे पहिले संचालक मॅनशार्टच.

गावाची एकच वर्गणी

दर संस्थेनं वेगळं पावतीपुस्तक घेऊन फिरायचं, देणगीदारांनी वैतागायचं, हा प्रकार थांबवायला 1913 मध्ये क्लीव्हलँडमध्ये ‘कम्युनिटी चेस्ट’ची कल्पना रुजली. प्रत्येक गल्लीच्या गणपतीनं वेगळी वर्गणी मागण्याऐवजी गावानं एकदाच वर्गणी काढावी आणि मग मंडळांना वाटून द्यावी, तशातला प्रकार. 1920 च्या दशकात तो शहराशहरांत पसरला. सेटलमेंट हाऊसेसना वर्षाची ठरलेली रक्कम मिळू लागली, शिबिरांची चिंता हलकी झाली.

वाटप करणाऱ्या समितीवर अर्थातच गावातले उद्योगपती आणि बँकवाले. संपाला पाठिंबा देणारी, भाडेकरूंना संघटित करणारी संस्था त्यांना रुचेल कशी? इतिहासकारांनी दाखवलंय की महामंदीच्या काळात ज्या शहरांत चेस्टचा पगडा होता तिथली सेटलमेंट हाऊसेस बरीच सबुरीनं वागली. उन्हाळी शिबिर मात्र सगळ्यांना पसंत. त्यामुळे संस्थेच्या अंदाजपत्रकात शिबिर फुगतं आणि न आवडणारं काम आक्रसतं. हे कुणी ठरवून करत नाही, आपोआप होतं.

सरकार देतं, पण नंतर

आता आजच्याकडे येऊ. आज मोठ्या सेटलमेंट हाऊसेसच्या उत्पन्नातला मोठा वाटा सरकारी करारांचा असतो. न्यूयॉर्क शहराचा ‘समर रायझिंग’ हा कार्यक्रम 2021 मध्ये सुरू झाला. सकाळी शाळेचा अभ्यास, दुपारनंतर स्थानिक संस्थेचे खेळ-कला-सहली, आणि पालकांना सगळं फुकट. जागा साधारण 1,10,000. ऐकायला छान. पण संस्थेच्या हिशेबनीसाला विचारा.

बहुतेक करार परताव्याचे असतात. म्हणजे संस्थेनं आधी खर्च करायचा, बिलं जोडायची, मग शहर पैसे देणार. ताईदादांचा पगार जुलैत दर पंधरवड्याला द्यावाच लागतो. परतावा कधी शरद ऋतूत येतो, कधी त्याहून पुढे. कधी कधी करारावर सही होण्याआधीच काम सुरू झालेलं असतं. 2022 मध्ये संस्थांची अशी थकून पडलेली 4 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोकळी केल्याचं शहरानंच जाहीर केलं होतं. मधल्या काळात संस्था बँकेकडून उचल घेते आणि तिचं व्याज करारातून मिळेलच याची शाश्वती नसते. म्हणजे सरकारी पैसा मिळवण्यासाठीसुद्धा खासगी देणगी लागते. सामान्य देणगीदाराला ही गोष्ट पटवताना निधी जमवणाऱ्यांच्या नाकी नऊ येतात.

काही सरकारी मदत शिबिराच्या आत लपलेली असते. दुपारचं जेवण घ्या. केंद्राच्या उन्हाळी भोजन योजनेत, परिसरातली किमान निम्मी मुलं शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असतील, तर तिथं ‘ओपन साइट’ चालवता येते. 18 वर्षांपर्यंतच्या कुणाही मुलानं यावं, जेवावं. नाव, उत्पन्न, कागदपत्रं काही विचारत नाहीत. स्थलांतरित कुटुंबांसाठी हे फार मोलाचं. दुसरी मदत म्हणजे शहराची तरुणांसाठीची उन्हाळी रोजगार योजना. वस्तीतलीच किशोरवयीन मुलं शिबिरात मदतनीस होतात आणि त्यांचे पैसे शहर देतं. सुरुवातीच्या हिशेबातला पगाराचा आकडा काही अंशी असा हलका होतो. पण या योजनेसाठी काम करण्याची कायदेशीर परवानगी लागते. ज्याच्याकडे ती नाही असा, त्याच शिबिरात लहानाचा मोठा झालेला मुलगा यादीतून गळतो. त्याला गुंतवून ठेवायचं तर संस्थेला वेगळी वाट आणि वेगळा पैसा शोधावा लागतो.

कागदपत्रांचं हे प्रकरण जरा जवळून बघू. खासगी निधीतून मिळणाऱ्या सवलतीच्या जागेसाठीही फॉर्म असतो: उत्पन्नाचा दाखला, पत्ता, घरातली माणसं. रोखीत पगार घेणाऱ्या आईनं दाखला कुठून आणायचा? एकाच खोलीत दोन कुटुंबं राहत असतील तर ‘घरातली माणसं’ किती लिहायची? त्यात भीती. सरकारी मदत घेणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याचे निकष 2019 च्या नियमानं रुंदावले होते, 2021 मध्ये तो नियम गेला. पण ‘मुलाला फुकट जेवण घेतलं तर आपलं कार्ड अडकेल’ ही समजूत वस्त्यांत मुरली ती मुरलीच, नियमात ते नसूनही. म्हणून जाणत्या संस्था फॉर्म छोटा ठेवतात, मालकाच्या चिठ्ठीवर किंवा पालकांच्या सहीच्या निवेदनावर भागवतात, आणि काउंटरवर त्यांची भाषा बोलणारी बाई बसवतात. या बाईचा पगार कुठल्या देणगीतून द्यायचा हा पुन्हा वेगळा प्रश्न. देणगीदाराला शिबिरातलं मूल दिसतं, काउंटरवरची बाई दिसत नाही. तिला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणतात आणि तो कमीत कमी असावा असा सगळ्यांचा आग्रह असतो.

गंमत म्हणजे सुस्थितीतल्या घरांच्या शिबिरालाही सरकार हातभार लावतंच. 13 वर्षांखालच्या मुलाच्या दिवसाच्या शिबिराचा खर्च नोकरदार पालकांना केंद्रीय करसवलतीत धरता येतो. रात्री मुक्कामाचं शिबिर चालत नाही. पण ही सवलत भरलेल्या करातूनच वळती होते. ज्याला कर जेमतेम लागतो त्याच्या हाती जेमतेमच येतं. या मदतीला कुणी दान म्हणत नाही.

खासगी पैशाच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा मेजवानीची. वसंतात एखाद्या हॉटेलात टेबलं विकली जातात, शिबिरातून पुढे गेलेली तरुणी चार शब्द बोलते, लिलाव होतो. समजा तिकीट 500 डॉलरचं आणि जेवणाची किंमत 150 डॉलर, तर करसवलत फक्त उरलेल्या 350 वर. संस्थेच्या हातातही सभागृह, फुलं, छपाई वजा जाऊन उरेल तेवढंच पडतं. त्यामुळे ‘मेजवानीत इतके लाख जमले’ ही बातमी वाचताना खर्च वजा केलाय का, हे विचारावं.

दुसरी तऱ्हा कायम ठेवीची. मूळ रक्कम गुंतवायची आणि दर वर्षी तिच्यातून साधारण 4 टक्के काढायचे. एका मुलाची जागा वर्षाला 1,500 डॉलरला पडत असेल, तर ती कायम राखायला 37,500 डॉलरची ठेव हवी. शंभर मुलांना साडेसदतीस लाख. बहुतेक संस्थांना हे जमत नाही, ज्यांना जमतं त्या निर्धास्त असतात.

तिसरी तऱ्हा साध्या, छोट्या, अटी नसलेल्या देणग्यांची, आणि माझं मत विचाराल तर सगळ्यात कामाची हीच. ‘फक्त शिबिरासाठी’ असं लिहून दिलेला पैसा संस्थेला कायद्यानं दुसरीकडे वळवता येत नाही. शिबिरात कातडीच्या आजाराची साथ आली, बस बंद पडली, एखाद्या मुलाच्या वडिलांना अचानक पकडून नेलं आणि वकील शोधायला धावावं लागलं, तर अटीच्या पैशाला हात लावता येत नाही. बिनअटीच्या पैशाला येतो.

हल हाऊसची संस्था पुढे सरकारी करारांवर फार विसंबली. विद्यापीठाच्या नव्या परिसरासाठी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या बहुतेक मूळ इमारती पाडल्या गेल्या, त्याच सुमारास वॉकिगनचं शिबिरही विकलं गेलं. ती जागा आता गावाची सार्वजनिक बाग आहे, बोवेन पार्क. जानेवारी 2012 मध्ये पैसा संपला आणि संस्थाच बंद झाली. ॲडम्सचं घर संग्रहालय म्हणून उभं आहे.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. अनेक आयटी कंपन्या कर्मचाऱ्यानं दिलेल्या देणगीइतकीच भर घालतात. ऑफिसच्या पोर्टलवर नोंद करावी लागते आणि कितीतरी लोकांची ती करायची राहून जाते. 2026 पासून प्रमाणित वजावट (खर्चाची यादी न देता मिळणारी सरसकट सूट) घेणाऱ्यांनाही रोख देणगीवर काही सवलत आहे, एकट्याला 1,000 आणि जोडप्याला 2,000 डॉलरपर्यंत. आणि वेळ. देणग्यांचा पूर डिसेंबरात, करवर्ष संपताना येतो. शिबिराच्या जागा आणि माणसं ठरतात मार्च-एप्रिलमध्ये, आणि त्या वेळी फोन केला तर संस्थेची माणसं नीट वेळ देऊन बोलतात. यंदा यादीत किती मुलं थांबली आहेत, एका जागेला खरा खर्च किती येतो आणि शहराकडून मागच्या उन्हाळ्याचे पैसे आले का, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर बहुधा सगळ्यात लांबलचक मिळेल.